कॉलमचा डेटा टाइप बदलायचाय? कमांड शेवटी, आधी हे करा

रक्कम साठवणारा एक कॉलम कुणीतरी पूर्वी टेक्स्ट म्हणून बनवून ठेवला होता. बेरीज करायची म्हटलं की दर क्वेरीत कास्ट (मूल्याचा टाइप तेवढ्यापुरता बदलणं) लिहावा लागायचा. कंटाळून एका संध्याकाळी मी तो डेसिमल करून टाकला. कमांड चालली, एरर नाही, मी घरी गेलो. सकाळी रिपोर्टमध्ये १,२५० ची नोंद १ दिसत होती. आकड्यात स्वल्पविराम होता आणि ते जुनं मायएसक्यूएल स्ट्रिक्ट मोडमध्ये (न बसणारं मूल्य नाकारणाऱ्या सेटिंगमध्ये) नव्हतं, त्यामुळे त्याने स्वल्पविरामापर्यंतचं घेतलं आणि पुढचं सोडून दिलं. कमांडखाली वॉर्निंगचा आकडा छापून आला होता, पण मी फक्त ‘ओके’ एवढंच वाचलं होतं. आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून निभावलं, तरी त्या दिवसाच्या नोंदी हाताने भराव्या लागल्या.

टाइप बदलतो तेव्हा त्या कॉलममधलं एकूण एक मूल्य नव्या साच्यात ओतलं जातं. ओतताना काय सांडेल, आणि ओतून होईपर्यंत टेबल कुणाला वापरता येईल, या दोन प्रश्नांची उत्तरं हातात आल्याशिवाय कमांड देऊ नका. खालच्या सगळ्या पायऱ्या या दोन उत्तरांसाठीच आहेत.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच स्पेलिंग आणि आकडे इंग्रजी.

काय काय हाताशी हवं

- टेबलाची आजची पूर्ण व्याख्या, फाइलमध्ये जपून ठेवलेली. मायएसक्यूएलमध्ये ‘शो क्रिएट टेबल’, पोस्टग्रेसमध्ये पीजी_डम्पला फक्त स्कीमा (डेटाशिवाय रचना) मागा.
- बॅकअप, आणि तो एकदा तरी रिस्टोअर करून पाहिलेला. न उघडलेल्या बॅकअपवर भिस्त ठेवू नका.
- खऱ्या डेटाची प्रत असलेला वेगळा डेटाबेस. दहा ओळींच्या टेस्ट टेबलावर सगळंच झटपट आणि सुरळीत होतं.
- टेबल आणि त्याचे सगळे इंडेक्स मिळून जेवढी जागा घेतात, किमान तेवढी रिकामी डिस्क.
- टेबल बदलण्याचे अधिकार. पोस्टग्रेसमध्ये टेबलाचं मालक असावं लागतं, नुसता वाचण्या-लिहिण्याचा हक्क पुरत नाही.
- ॲप्लिकेशनच्या कोडमध्ये हा कॉलम कुठे कुठे वापरलाय याची यादी.

१. नवा टाइप विचार करून निवडा

पुन्हा वर्षभराने हेच काम करायचं नसेल तर इथे पाच मिनिटं जास्त द्या.

साधा इंटिजर २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो. लॉग किंवा इव्हेंटच्या टेबलाचा आयडी तिथे पोचायला वाटतो तेवढा वेळ लागत नाही, कारण फसलेले इन्सर्टही क्रमांक खातात. मायएसक्यूएलमध्ये अनसाइन्ड केलंत तर मर्यादा दुप्पट, ४,२९,४९,६७,२९५ होते. पण ही फक्त पुढे ढकललेली अडचण. आयडीसाठी थेट बिगइंट घ्या.

पैशांसाठी फ्लोट कधीही नको. फ्लोटमध्ये ०.१ नेमका मावतच नाही. चार बाइटच्या फ्लोटमध्ये तर १,६७,७७,२१७ ही पूर्ण संख्यासुद्धा मावत नाही, तिची १,६७,७७,२१६ होते. डेसिमल किंवा न्यूमरिक वापरा.

फोन नंबर, पिनकोड, खाते क्रमांक दिसायला आकडे असले तरी ते टेक्स्टच राहू द्या. त्यांची कुणी बेरीज करत नाही, आणि इंटिजर केले की सुरुवातीची शून्यं गेली. ती परत आणता येत नाहीत, कारण मुळात किती होती हे कुठेच उरत नाही.

तारीख-वेळ असेल तर मायएसक्यूएलचा टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८ ला संपतो हे लक्षात असू द्या. वीस वर्षांच्या कराराची शेवटची तारीख त्यात आजही बसत नाही.

२. आतला डेटा झाडून पाहा

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. टेक्स्ट कॉलमचा आकडा किंवा तारीख करणार असाल तर आत काय निघेल याचा भरवसा नसतो. नव्या टाइपमध्ये न बसणारी मूल्यं आधीच शोधून काढा. पोस्टग्रेसमध्ये असं:

सिलेक्ट रक्कम, काउंट(*) फ्रॉम ऑर्डर्स
व्हेअर रक्कम !~ '^-?[०-९]+([.][०-९]+)?$'
ग्रुप बाय रक्कम ऑर्डर बाय काउंट(*) डेस्क;

मायएसक्यूएलमध्ये !~ च्या जागी ‘नॉट रेजेक्सपी’. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ट्राय_कन्व्हर्ट वापरा. मूल्य बदलता आलं नाही तर ते एरर न देता नल (म्हणजे ‘मूल्यच नाही’) देतं, म्हणून जिथे मूळ मूल्य आहे पण ट्राय_कन्व्हर्ट नल आहे अशा ओळी काढल्या की झालं. तिथल्या इजन्यूमरिकच्या नादी लागू नका. त्याला नुसता टिंबसुद्धा आकडा वाटतो. पोस्टग्रेस १६ पासून पीजी_इनपुट_इज_व्हॅलिड हे फंक्शन आलंय, तेही याच कामाचं.

माझ्या त्या रक्कम कॉलममध्ये नंतर नीट पाहिलं तेव्हा हे सापडलं: स्वल्पविराम असलेले आकडे, रिकामी स्ट्रिंग, नुसती आडवी रेघ, ‘लागू नाही’ असं लिहिलेलं, आणि काही मूल्यं जी डोळ्यांना अगदी स्वच्छ दिसत होती तरी यादीत येत होती. १२५० दिसतंय, पण लांबी विचारली तर ५ अक्षरं. ट्रिम करून पाहिलं, तरी ५. स्प्रेडशीटमधून चिकटवताना १६० क्रमांकाचं न तुटणारं स्पेस सोबत आलं होतं, आणि साधं ट्रिम फक्त नेहमीचं स्पेस काढतं. ते रिप्लेसने नाव घेऊन काढावं लागलं. दिसायला बरोबर आणि तरी एरर, असं झालं की आधी लांबी मोजा.

रिकाम्या स्ट्रिंगचं काय करायचं हे डेटाबेसला ठरवू देऊ नका, कारण प्रत्येकाची तऱ्हा निराळी. पोस्टग्रेस एरर देतो. एसक्यूएल सर्व्हर रिकाम्या स्ट्रिंगचा इंटिजर करताना गुपचूप ० देतो. ओरॅकलच्या लेखी रिकामी स्ट्रिंग म्हणजे नलच. आता रक्कम ‘शून्य’ असणं आणि ‘माहीत नसणं’ यांत सरासरीच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक आहे. ज्यांचा डेटा आहे त्यांना विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

तारखांची गोष्ट याहून वाईट. ०५/०३/२०१९ म्हणजे पाच मार्च की तीन मे? एकेक मूल्य बघून कळणार नाही, पूर्ण कॉलम बघितला तर कळू शकतं. पहिला भाग १२ पेक्षा मोठा असलेल्या ओळी मोजा, मग दुसरा भाग १२ पेक्षा मोठा असलेल्या मोजा. एकच गट सापडला तर बहुधा सगळा कॉलम त्याच पद्धतीचा आहे. दोन्ही सापडले तर दोन वेगळ्या वाटांनी डेटा आत आलाय, आणि ज्यांचे दोन्ही भाग १२ च्या आत आहेत त्या ओळींचं काय ते मूल्याकडे पाहून कधीच ठरणार नाही. मग दुसऱ्या कॉलमचा आधार घ्यावा लागतो: नोंद कुठून आली, कधी आली, कुणी भरली. काहीच नसेल तर त्या ओळी वेगळ्या काढून ठेवा, अंदाजाने भरू नका. चुकीची तारीख नलपेक्षा घातक, कारण ती खरी वाटते.

आणि फॉरमॅट नेहमी स्पष्ट सांगा. पोस्टग्रेसच्या टू_डेटला नमुना द्यावाच लागतो, ते बरंच आहे. मात्र १० च्या आधीची आवृत्ती असेल तर ३१/०२/२०१९ ला हरकत न घेता ती ३ मार्च करून मोकळी होते. १० पासून एरर येतो.

आकड्यांचा टाइप लहान करत असाल तर कमाल-किमान काढा. दशांश काढून टाकत असाल तर हे माहीत असू द्या: २.७ चा इंटिजर करताना पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल ३ देतात, एसक्यूएल सर्व्हर २.

साफसफाई टाइप बदलण्याच्या आधी, वेगळ्या अपडेटने करा, आणि जुनी मूल्यं प्रायमरी कीसह एका बाजूच्या टेबलात ठेवा. कुणी महिन्याने विचारलं की ‘इथे आधी काय होतं?’ तर दाखवता येतं.

३. टेबल नव्याने लिहिलं जाणार का, ते पाहा

काही बदलांत डेटाबेस फक्त स्वतःच्या वहीतली नोंद बदलतो, पापणी लवते न लवते तोच काम झालेलं असतं. काही बदलांत अख्खं टेबल आणि इंडेक्स नव्याने लिहिले जातात, आणि तोवर बाकीचे ताटकळतात. कमांड दोन्हींत सारखीच दिसते.

पोस्टग्रेसमध्ये व्हारचार(५०) चा व्हारचार(१००) किंवा टेक्स्ट करणं फुकटात होतं. इंटिजरचा बिगइंट मात्र पूर्ण टेबल लिहायला लावतो, कारण चार बाइटच्या जागी आठ बाइट हवेत. या काळात टेबलावर सगळ्यात कडक लॉक असतं, साधं सिलेक्टसुद्धा चालत नाही. शंका असेल तर प्रतीवर करून बघा: आधी पीजी_रिलेशन_फाइलपाथ विचारा, बदल करा, पुन्हा विचारा. फाइलचा क्रमांक बदलला असेल तर टेबल नव्याने लिहिलं गेलं.

मायएसक्यूएलमध्ये टाइप बदलणं म्हणजे कॉपी पद्धत. टेबलाची पूर्ण नक्कल बनते, वाचता येतं, लिहिता येत नाही. व्हारचार वाढवणं सहसा जागच्या जागी होतं, पण त्यात एक उंबरठा आहे आणि तो नेमका नवख्यांच्या पायात येतो. कॉलमची कमाल लांबी २५५ बाइटपर्यंत असेल तर लांबी लिहायला एक बाइट लागतो, त्यापुढे दोन. हा हिशोब बाइटचा, अक्षरांचा नाही. यूटीएफ८एमबी४ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत एका अक्षराला चार बाइट धरले जातात, म्हणजे ६३ अक्षरं २५२ बाइट आणि ६४ अक्षरं २५६. म्हणून व्हारचार(५०) चा (६३) क्षणात होतो आणि (६३) चा (६४) करताना पूर्ण टेबल कॉपी होतं. एका अक्षराचा फरक! यावर सोपा उपाय म्हणजे कमांडच्या शेवटी ‘अल्गोरिदम=इनप्लेस, लॉक=नन’ लिहा. तसं करणं शक्य नसेल तर मायएसक्यूएल मुकाट्याने कॉपी सुरू करण्याऐवजी लगेच एरर देतं.

क्षणात होणाऱ्या बदलातही एक खोच आहे, रांगेची. समजा कुणीतरी त्या टेबलावर वीस मिनिटांचा रिपोर्ट चालवलाय. तुमची आल्टर कमांड त्याच्या मागे थांबते. इथवर ठीक. पण तुमच्या मागून आलेली प्रत्येक क्वेरी, साधं सिलेक्टसुद्धा, आता तुमच्या मागे थांबते. बघता बघता सगळी कनेक्शन भरतात आणि ॲप बंद पडतं. तुमचा बदल अजून सुरूही झालेला नसतो. म्हणून थांबण्याला मर्यादा घाला: पोस्टग्रेसमध्ये आधी ‘सेट लॉक_टाइमआउट’ करून दोन-तीन सेकंद द्या. नाही जमलं तर कमांड आपण होऊन मागे फिरेल, थोड्या वेळाने पुन्हा करा. मायएसक्यूएलमध्ये यासाठी लॉक_वेट_टाइमआउट आहे. त्याची मूळ किंमत ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे चक्क एक वर्ष.

४. कोण कोण यावर टेकून आहे

पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएलमध्ये इंडेक्स डेटाबेस स्वतः सांभाळतो, बाकीच्यांची जबाबदारी तुमची.

व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी, नाव देऊन ठेवलेली क्वेरी): पोस्टग्रेस सरळ नकार देतो, कॉलम व्ह्यूमध्ये वापरलाय म्हणून टाइप बदलता येणार नाही. व्ह्यूची व्याख्या जपून ठेवा, व्ह्यू काढा, बदल करा, व्ह्यू परत बनवा, सगळं एका ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे होईल तर सगळं, नाहीतर काहीच नाही. व्ह्यूवर दिलेले अधिकारही पुन्हा द्यावे लागतात, ते हमखास विसरतात.

फॉरेन की: आयडीचा बिगइंट करताय तर त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या सगळ्या टेबलांतले कॉलमही बदला. मायएसक्यूएल दोन्हीकडचे टाइप सारखे असल्याशिवाय फॉरेन की ठेवू देत नाही, त्यामुळे ती आधी काढावी लागते. पोस्टग्रेस इंटिजर आणि बिगइंटची जोडी चालवून घेतो, आणि म्हणून तिथे हे राहून जातं. मुख्य टेबल मर्यादा ओलांडून मजेत पुढे जातं, दुय्यम टेबलातले इन्सर्ट कोसळायला लागतात.

सीक्वेन्स (पुढचा क्रमांक देणारा मोजक): पोस्टग्रेसमध्ये सीरियल, म्हणजे आपोआप क्रमांक घेणारा, म्हणून बनवलेल्या कॉलमचा सीक्वेन्स आवृत्ती १० पासून इंटिजर मर्यादेचाच असतो. कॉलम बिगइंट केलात तरी सीक्वेन्स तसाच राहतो आणि २,१४,७४,८३,६४७ वर येऊन हटून बसतो. ‘आल्टर सीक्वेन्स ... ॲज बिगइंट’ वेगळं द्यावं लागतं. आयडेंटिटी कॉलम असेल तर हे आपोआप होतं.

डीफॉल्ट: एसक्यूएल सर्व्हरमध्ये डीफॉल्ट कन्स्ट्रेंट आधी काढावा लागतो. नाव तुम्ही दिलं नसेल तर त्याने स्वतः ठेवलेलं लांबलचक नाव शोधून काढा. पोस्टग्रेसमध्ये यूजिंग (जुन्या मूल्याचं नवं कसं बनवायचं ते सांगणारा कमांडचा भाग, पायरी ५ पाहा) फक्त ओळींतल्या मूल्यांना लागू होतं, डीफॉल्टला नाही. तिथेही अडलं तर डीफॉल्ट काढा, टाइप बदला, नवा डीफॉल्ट द्या.

कोड: प्रोसिजरमधले इंटिजर व्हेरिएबल, ॲपमधले ३२ बिटचे प्रकार, एक्सपोर्टच्या फाइलचे साचे. जावास्क्रिप्टमध्ये साधी संख्या ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ च्या पुढे नेमकी राहत नाही, त्यामुळे बिगइंट कॉलमची मूल्यं काही ड्रायव्हर मुद्दाम स्ट्रिंग म्हणून देतात. काल आकडा येत होता, आज स्ट्रिंग येतेय. कोडमध्ये आयडी === ने ताडून पाहिला असेल तर तुलना खोटी ठरायला लागते आणि एररही दिसत नाही.

५. कमांड

एवढं झालं की कमांड खरंच एक ओळीची.

पोस्टग्रेस:
आल्टर टेबल ऑर्डर्स आल्टर कॉलम रक्कम टाइप न्यूमरिक(१२,२) यूजिंग रिप्लेस(रक्कम, ',', '')::न्यूमरिक(१२,२);

‘आपोआप बदलता येत नाही’ अशा अर्थाचा एरर आला तर यूजिंग हवंय असं समजा. पण त्यातही सापळा आहे. व्हारचार लहान करताना यूजिंगशिवाय दिलंत तर जास्त लांब मूल्य असल्यास एरर येतो. यूजिंगमध्ये स्पष्ट कास्ट लिहिलात तर मूल्य निमूटपणे कापलं जातं. तसंच टाइमझोनशिवायच्या वेळेचा टाइमझोनसहित प्रकार करताना ‘ॲट टाइम झोन’ लिहून मूळ वेळ कुठली होती ते सांगा. नाहीतर त्या घडीला तुमच्या सेशनचा जो झोन असेल तो धरला जातो.

मायएसक्यूएल:
आल्टर टेबल ऑर्डर्स मॉडिफाय कॉलम रक्कम डेसिमल(१२,२) नॉट नल डीफॉल्ट ० कॉमेंट 'करासहित';

मॉडिफायमध्ये कॉलमची पूर्ण व्याख्या पुन्हा लिहायची असते. नुसता टाइप दिलात तर नॉट नल, डीफॉल्ट, कॉमेंट, ऑटो इन्क्रिमेंट, सगळं पुसलं जातं. पहिल्या यादीतली ‘शो क्रिएट टेबल’ची फाइल यासाठीच. कमांड देण्याआधी स्ट्रिक्ट मोड चालू आहे का ते एसक्यूएल_मोडमध्ये पाहा, आणि नंतर ‘शो वॉर्निंग्ज’ चालवा. का, ते वर सांगितलंच आहे.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘आल्टर कॉलम रक्कम डेसिमल(१२,२) नॉट नल’ असं शेवटचं नॉट नल न विसरता लिहा. वगळलंत तर कॉलम बहुधा नल स्वीकारायला लागतो.

ओरॅकलमध्ये मॉडिफाय आहे, पण कॉलममध्ये डेटा असेल तर एका जातीचा टाइप दुसऱ्या जातीचा करता येत नाही, ०१४३९ क्रमांकाचा एरर येतो. तिथे पायरी ६ ची वाट धरा.

एसक्यूलाइटमध्ये टाइप बदलायची कमांडच नाही. नव्या व्याख्येचं टेबल वेगळ्या नावाने बनवा, डेटा ओता, जुनं टेबल काढा, नव्याला जुन्याचं नाव द्या. क्रम हाच ठेवा. आधी जुन्याचं नाव बदललंत तर ट्रिगर आणि फॉरेन की त्या बदललेल्या नावामागे जाऊ शकतात. फॉरेन कीची तपासणी बंद करायची प्रॅग्मा (एसक्यूलाइटची सेटिंग बदलायची कमांड) ट्रान्झॅक्शन सुरू करण्याआधी द्या, आत दिली तर ती काहीच करत नाही. आणि एसक्यूलाइट इंटिजर कॉलममध्येही टेक्स्ट खपवून घेतो, तसं नको असेल तर ३.३७ पासून टेबल ‘स्ट्रिक्ट’ म्हणून बनवता येतं.

मायग्रेशन टूल वापरत असाल तर त्याने बनवलेली एसक्यूएल उघडून वाचा. काही टूल टाइप बदलताना कॉलम काढून त्याच नावाचा नवा घालतात. कॉलम मिळतो, पण डेटा जातो.

परतीच्या वाटेबद्दल: पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये बिगिन, आल्टर, तपासणी, पटलं तर कमिट नाहीतर रोलबॅक असं करता येतं. मायएसक्यूएल आणि ओरॅकलमध्ये आल्टर दिलं की कमिट झालंच, तुमच्या आधीच्या उघड्या कामासकट.

६. टेबल मोठं असेल तर वळसा घ्या

प्रतीवर बदलाला दहा सेकंदांहून जास्त लागले आणि ॲप थांबवणं परवडणार नसेल तर मी थेट आल्टरच्या फंदात पडत नाही. नवा कॉलम घालून सावकाश भरतो. मायएसक्यूएलवाल्यांसाठी जीएच-ओस्ट आणि पीटी-ऑनलाइन-स्कीमा-चेंज ही टूल याच तत्त्वावर, पण पूर्ण टेबलाची सावली बनवून काम करतात. हाताने करायचं तर क्रम असा.

नव्या टाइपचा कॉलम घाला, नल चालेल असा, डीफॉल्टशिवाय. मग ट्रिगर लावा, म्हणजे जुन्या कॉलममध्ये काही लिहिलं की नव्यातही जाईल. ट्रिगर भरणीच्या आधीच हवा. उलट केलंत तर भरून झालेल्या ओळीत मधल्या वेळात बदल होतो आणि नव्या कॉलममध्ये शिळं मूल्य राहतं. मी एकदा हा क्रम चुकवला होता. फरक फक्त अकरा ओळींचा होता, पण त्या अकरा शोधायला दोन दिवस गेले.

आता प्रायमरी कीच्या टप्प्यांनी भरा, एका वेळी पाच-दहा हजार ओळी, दरवेळी कमिट, मध्ये जराशी उसंत. एकाच अपडेटमध्ये सगळं उरकू नका, रेप्लिका (मुख्य डेटाबेसची सतत अद्ययावत होणारी प्रत) मागे पडते आणि पोस्टग्रेसमध्ये मेलेल्या ओळींचा ढीग साचतो. इंडेक्स लागणार असेल तर पोस्टग्रेसमध्ये कॉन्करंटली (टेबलात लिहिणं न अडवता) बनवा. नॉट नल हवं असेल तर आधी ‘नॉट व्हॅलिड’ म्हणून चेक कन्स्ट्रेंट घाला, मग तो व्हॅलिडेट करा, मग सेट नॉट नल. आवृत्ती १२ पासून अशा वेळी पूर्ण टेबल पुन्हा तपासलं जात नाही.

भरून झालं की दोन्ही कॉलम ताडून पाहा, फरक असलेली एकही ओळ उरता कामा नये. मग एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये ट्रिगर काढा, जुन्या कॉलमचं नाव बदला, नव्याला मूळ नाव द्या.

पोस्टग्रेसमध्ये इथे दोन जागी पाय घसरतो. व्ह्यू कॉलमला नावाने नव्हे, आतल्या क्रमांकाने ओळखतो. तुम्ही नावांची अदलाबदल केलीत तरी व्ह्यू जुन्याच कॉलममधून वाचत राहतो, आणि जुन्यात नवं काही येत नसल्याने तो हळूहळू शिळा होत जातो. व्ह्यू पुन्हा बनवा. दुसरं, आयडी कॉलम असेल तर सीक्वेन्सची मालकी जुन्या कॉलमकडे असते. ‘आल्टर सीक्वेन्स ... ओन्ड बाय’ देऊन ती नव्याकडे वळवा. नाहीतर जुना कॉलम काढताना एरर येईल, तुम्ही वैतागून कॅस्केड (त्यावर टेकलेलं सगळं सोबत काढ) लिहाल, आणि सीक्वेन्ससोबत नव्या कॉलमचा डीफॉल्टही जाईल.

७. झाल्यावर

ओळींची संख्या, नलची संख्या, बेरीज, कमाल आणि किमान बदलाआधी लिहून ठेवलेलं असेल तर आता ताडून पाहायला दोन मिनिटं लागतात. बेरीज जुळली तरी पाच-सहा ओळी डोळ्यांनी बघा, विशेषतः साफसफाईत हात लागलेल्या.

पोस्टग्रेसमध्ये लगेच ॲनालाइझ चालवा. टाइप बदलला की त्या कॉलमची आकडेवारी पुसली जाते, आणि तिच्याविना प्लॅनर (क्वेरी कुठल्या वाटेने चालवायची ते ठरवणारा भाग) आंधळा असतो. काल झटकन येणारी क्वेरी आज रेंगाळतेय अशी तक्रार आली तर आधी हेच राहिलं का ते बघा. त्यानंतर ॲपमधून जाणारे पॅरामीटर पाहा. कॉलम एका प्रकारचा आणि तुलना दुसऱ्या प्रकाराशी झाली की पोस्टग्रेस बऱ्याचदा एरर देतो. मायएसक्यूएल टेक्स्ट कॉलमची आकड्याशी तुलना निमूटपणे करतं, पण इंडेक्स वापरत नाही.

वळशाने गेला असाल तर जुना कॉलम त्याच दिवशी काढू नका. महिनाअखेरचे रिपोर्ट एकदा नव्या कॉलमवर निघू द्या. मात्र तो नॉट नल असेल तर ती अट नावं बदलतानाच काढा, कारण आता त्यात कुणी लिहिणार नाही आणि पहिलाच इन्सर्ट अडकेल. कॉलम काढायची तारीख मात्र आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. ‘_जुना’ नावाचे कॉलम पाच-पाच वर्षं टेबलात पडून राहिलेले मी पाहिलेत, आणि नंतर आलेला कुणीतरी त्यातून वाचायलाही लागलेला असतो.